चेंडू, सवंगडी आणि नागपूरचे बारसे सर

अंकाच्या मंडळींनी आम्हाला निरोप दिला, महाराज, नागपूरकडच्या एखाद्या सेवेचा इतिहास लिहून द्या. दिंडीतल्या विणेकऱ्यांवर, चोपदारांवर, अन्नदात्यांवर बाकीचे लिहितीलच. आम्ही एका फुटबॉलच्या मास्तरांवर लिहितो. आता कोणी म्हणेल, वारकऱ्यांच्या अंकात फुटबॉल कशाला आणला बाप्पा? तर त्यानं काल्याचं कीर्तन आठवावं. देव यमुनेच्या काठी सवंगड्यांसंगं चेंडू खेळत होता. चेंडू डोहात गेला म्हणून देवानं कदंबावरून उडी टाकली. कालिया मागून आला, आधी चेंडू होता. आणि सवंगडी कोण? पेंद्या, वाकड्या, बोबड्या. गावानं ज्यांना गाई राखायला सोडून दिलं होतं, तेच पोट्टे.

विजय बारसे सर हे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात खेळाचे शिक्षक होते. 2001 साली पावसापाण्याच्या दिवसात त्यांना झोपडपट्टीतली काही पोरं दिसली. चिखलात एक फुटकी बालटी पायानं लाथाडत होती अन् त्यातच रमली होती. तसे हे पोट्टे शहराला ठाऊक होते, पण चोरी, दारू, मारामारी यासाठी. सरांच्या ध्यानात एवढंच आलं, की जितका वेळ बालटी पायात आहे तितका वेळ दुसरं काही हातात नाही. त्यांनी चेंडू आणून दिला. कामाचा आरंभ एवढाच. पुढं वस्त्यावस्त्यांचे संघ बोलावून त्यांनी स्पर्धा भरवली, तर 128 संघ उतरले.

स्पर्धेचं नावच ठेवलं झोपडपट्टी फुटबॉल. हे आम्हाला फार आवडलं. नाव गोड करून सांगितलं नाही. आपल्या संतांनी तरी कुठं लपवलं? सावता माळी, गोरा कुंभार, नरहरी सोनार. जिथून आलो ते नावातच ठेवून ते देवाच्या दारी उभे राहिले.

नोकरी संपल्यावर मिळालेला पैसा सरांनी या कामासाठी जागा घेण्यात घातला. अमेरिकेत गेलेला मुलगा अभिजित परत येऊन याच कामाला लागला. नागपूरजवळ बोखाऱ्याला आज त्यांचं मैदान आहे, तिथं पोरी पण खेळतात. जगात बेघर माणसांच्या फुटबॉलचा एक विश्वचषक भरतो. 2003 साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात तो सुरू झाला. मैदान लहान, एका बाजूला चारच गडी. 2010 साली तो ब्राझीलात रिओला भरला, तेव्हा भारताचा कप्तान नागपूरच्या वस्तीतला पोरगा होता. एके काळी तो टोळीत फिरायचा. त्याचं नाव इथं लिहीत नाही, त्यानं आपली कथा स्वतःच चार लोकांपुढं सांगितलेली आहे. 2016 साली फुटबॉलच्या जागतिक संघटनेनं, फिफानं, या संस्थेला पुरस्कार दिला. 2022 साली नागराज मंजुळ्यांचा ‘झुंड’ सिनेमा आला, त्यात अमिताभ बच्चन सरांच्या भूमिकेत होते. सिनेमामुळं नाव घरोघरी गेलं, पण त्याच्या आधीची वीस वर्षं उन्हातान्हातली होती हे विसरू नये.

सिनेमात एक गोष्ट दाखवली आहे. मास्तर पोरांना खेळायचे रोज पैसे देतात. काही दिवसांनी पैसे बंद करतात. तोवर पोरांना खेळाचीच चट लागलेली असते. आम्ही याच्यावर पुष्कळ विचार केला. आपल्याकडं माळ आधी, अन् माळ घातली की दारू-मटण सुटलं पाहिजे. नेम चांगलाच आहे, त्यानं कितीक घरं वाचली. पण ज्याला अजून माळ घ्यायची हिंमत नाही, त्यानं कोणत्या दारातून आत यावं?

हा प्रश्न आपल्या दिंडीत पण उभा राहिला होता. एका वर्षी गावातले चार पोट्टे, सगळे बदनाम, वारीला येतो म्हणाले. ज्येष्ठ मंडळींत दोन तट पडले. एक म्हणे, पताकेखाली पिणारा चालणार नाही. दुसरा म्हणे, पताकेखाली नको, सामानाच्या गाडीवर घ्या. शेवटी त्यांना पाण्याचे ड्रम भरायचं काम दिलं. एक जण चौथ्या मुक्कामावरून रातोरात बसनं पळाला. दोघं पंढरपूरपर्यंत आले, गोपाळपूरच्या काल्याला लाह्या खाल्ल्या, अन् गावी येऊन पुन्हा प्यायला लागले. त्यातल्या एकाची सुटली, दोन वर्षांनी. चौथा आता पखवाजाच्या मागं बसतो, कधी कधी ताल चुकतो, तरी उठत नाही.

हे आम्ही मुद्दाम सगळं मांडलं. बारसे सरांच्या मैदानावर तरी आलेला प्रत्येक पोरगा सुधारला असं कोण म्हणेल? मैदान मात्र बंद केलं नाही.

मागच्या सप्ताहात काल्याच्या दिवशी आम्ही कीर्तनात हेच सांगितलं. दुपारी कोणीतरी तालुक्यावरून चेंडू आणला अन् देवळामागच्या पडीक वावरात पोट्ट्यांनी अंधार पडेपर्यंत धुराळा उडवला. खजिनदारांनी आम्हाला विचारलं, महाराज, हा खर्च कोणत्या खात्यात टाकू, अन्नदान की किरकोळ? आम्ही म्हटलं, काल्याच्या साहित्यात टाका. वहीत तसंच लिहिलं आहे, लाह्या, दही, डाळं, चेंडू एक.