राख, शिकेकाई आणि न्हाणीचं पाणी

घट बसायला आठवडा राहिलाय. सध्या तालुक्यात घरोघरी धुणी निघालीत. वाकळा, चादरी, पडदे, माळ्यावरची भांडी, सगळं खाली आलंय. कडवीच्या काठावर आणि गावोगावच्या ओढ्यांवर सकाळपासून गर्दी आहे, आणि पाण्यावर फेस आहे. नेमक्या याच दिवसांत मोबाईलवर जाहिरातींचा पाऊस पडतो. 'केमिकलमुक्त', 'आजीच्या काळातलं', 'शंभर टक्के नैसर्गिक'. आत रिठ्याचं पाणी, बाहेर प्लॅस्टिकची बाटली आणि किंमत साध्या साबणाच्या दुप्पट-तिप्पट. हे घ्यावं का, असं बरेच जण विचारतात. एका ओळीत उत्तर देता येत नाही, म्हणून आज थोडा इतिहास. पोस्ट लांब आहे, चहा घेऊनच बसा.

आजीच्या काळातलं म्हणजे नेमकं काय होतं? भांड्यांना चुलीतली राख आणि नारळाची शेंडी. तांब्या-पितळेला चिंच नाहीतर आमसूल, वर चिमूटभर मीठ. जमिनीला शेण. डोक्याला शिकेकाई. रेशमी आणि लोकरीच्या कपड्यांना रिठा, आणि सोनाराकडं दागिने उजळायलाही रिठाच. आंबा, विशाळगड, गजापूरच्या बाजूच्या रानात शिकेकाईचे काटेरी वेल आहेत, त्यामुळं आपल्याकडं ती दुकानाची वस्तू नव्हती, रानाची होती.

आता यात केमिकल नव्हतं असं म्हणणाऱ्यांना माझा एक साधा प्रश्न आहे. मग भांडी निघायची कशी? लाकडाच्या राखेत पोटॅशियमचा खार असतो. तो तेलकटाशी मिळाला की भांड्यावरच थोडाफार साबण तयार होतो. शिकेकाई आणि रिठ्यात सॅपोनिन असतं, त्यानं फेस येतो. चिंचेतलं आम्ल तांब्यावरचा काळा थर विरघळवतं. सगळं रसायनशास्त्रच आहे, फक्त बाटलीवर लेबल नव्हतं.

आणि नैसर्गिक म्हणजे बिनविषारी, हेही खरं नाही. पूर्वी परीट कपड्यांवर खुणा करायला बिबा वापरायचे. ती खूण धुऊन जात नसे, पण तोच बिबा अंगावर उतला की फोड यायचे. झाडावरचाच होता की तो! गेळ्याचं फळ ठेचून डोहात टाकून मासे धरायची जुनी रीत कितीतरी ठिकाणी होती. त्यातही सॅपोनिनच. ज्या गुणानं फेस येतो त्याच गुणानं माशाचे कल्ले निकामी होतात. तेव्हा रिठ्याचं पाणी पोतंभर केलं आणि ओढ्यात ओतलं, तर ओढा तुम्हाला आशीर्वाद देणार नाही.

साबण आपल्याकडं आला तो असा. १८८८ मध्ये कलकत्त्याच्या बंदरात लिव्हर ब्रदर्सच्या सनलाइटच्या पेट्या उतरल्या. १८९७ मध्ये मेरठला नॉर्थ वेस्ट सोप कंपनी निघाली. साबणात जनावरांची चरबी असते म्हणून बऱ्याच घरांत तो दाराबाहेरच राहिला. कुलुपं करणाऱ्या अर्देशीर गोदरेज यांनी हे ओळखलं आणि १९१८ मध्ये वनस्पती तेलाचा 'चावी' साबण काढला. जगातला पहिला असा, असं सांगतात, ते जरा जास्तच झालं, कारण युरोपात ऑलिव्ह तेलाचा साबण शतकानुशतकं होता. पण इथल्या सोवळ्या घरांची अडचण त्यानं सोडवली हे खरं. पुढं १९५९ मध्ये सर्फ आलं, ते शहरातल्या नोकरदारांच्या घरात. १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी घरी पावडर मिसळून सायकलवरून विकायला सुरुवात केली, त्या निरमानं खेडं जिंकलं. साबणाला बोअरचं जड पाणी चालत नाही, पांढरा साका धरतो. डिटर्जंट पावडरला चालतं. तिचा विजय निम्मा जाहिरातीचा होता आणि निम्मा या जड पाण्याचा.

पण राख कुणी घालवली? भांड्याच्या पावडरीनं, असं वाटतं. माझं मत वेगळं आहे. राख घालवली गॅसनं. चूल गेली, राख गेली. शेणाचं सारवण फिनेलनं नाही घालवलं, शहाबादी फरशीनं घालवलं. मातीची जमीन होती म्हणून सारवण होतं. फरशी बसली, तिच्यावर शेण कोण घालणार? चिंच-मीठ गेलं ते घागर-हंडा-बंब जाऊन स्टील आलं म्हणून. मधल्या काळात ॲल्युमिनियमची पातेली आली, तिला राखेचा खार मानवत नाही, भांडं काळं पडतं. धोतर-लुगड्याचं सूत गेलं, टेरिकॉट आलं. म्हणजे आधी घर बदललं, मग घासायची वस्तू बदलली. आजीची राख आजीच्या घराला लागू होती. ती २०२५ च्या टाईल्सवर आणून ओतली तर टाईल्सवर ओरखडेच उठतील.

आणि एक गोष्ट 'जुनं ते सोनं'वाली मंडळी सोयीस्कर विसरतात. हे सगळं फुकट होतं असं म्हणतात, पण फुकट होते ते फक्त बायकांचे हात. शेण गोळा करणं, शेणी थापणं, दर दोन-चार दिवसांनी सारवणं, रानातनं शिकेकाई आणणं, वाळवणं, कुटणं, थंडीत नदीवर वाकळा आपटणं. उरलेलं काम परटाचं, आणि त्याला सुगीला मिळायचं ते बलुतं. आपल्या आयांनी निळी-पिवळी पावडर हातात घेतली ती जाहिरातीला भुलून नाही. दिवसातले दोन तास वाचत होते म्हणून घेतली. सुरुवातीच्या स्वस्त पावडरींत धुण्याचा सोडा इतका असायचा की हाताची सालं निघायची, तरी घेतली. यावरून आधीचं काम किती जड होतं ते समजा.

मग जुन्यातलं घेण्यासारखं काय होतं? मला वाटतं, ती व्यवस्था. घाण पाणी कुठं जायचं याची. न्हाणीचं पाणी परड्यात जायचं. तिथं अळू असायचा, केळ असायची. भांड्याचं खरकटं पाणीही तिकडंच. कोल्हापुरात रंकाळ्याच्या बाजूला 'धुण्याची चावी' आहे. बाहेरच्यांसाठी सांगतो, आपल्याकडं नळाला चावी म्हणतात. संस्थानकाळातली ही सोय आहे. तलावात उतरून कपडे धुवायचे नाहीत, तलावाचं पाणी चावीनं बाहेर घ्यायचं आणि दगडी बांधकामावर धुवायचं. म्हणजे मळ तलावात परत जात नाही. त्या काळात साबणही जेमतेम होता, आणि तरी हा विचार झाला होता! पुढं त्याच रंकाळ्यात शहराचं सांडपाणी शिरलं, पाणी हिरवंगार झालं, ते आपण सगळ्यांनीच पाहिलंय.

डिटर्जंटचा धडा जगानंही असाच घेतला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पावडरी पाण्यात कुजतच नव्हत्या. युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे ढीग साचले. जर्मनीनं १९६१ मध्ये कायदा केला, अमेरिकी कंपन्यांनी १९६५ च्या सुमारास रसायन बदललं, कुजणारं आणलं. त्यासाठी तिथं कुणी शिकेकाईकडं वळलं नव्हतं. नदी कुणाची आणि तिच्यात काय सोडायचं, हे ठरवलं गेलं.

आपल्याकडं आता घरोघरी नळ येतायत. पाणी वाढलं तसं सांडपाणीही वाढलं. परड्यात खोल्या चढल्या, अळू गेला. मोरीचं पाणी गटारात, गटार ओढ्यात, ओढा कडवीत, कडवी वारणेत आणि वारणा हरिपुरात कृष्णेत. आपण डोंगरातली माणसं, वरच्या अंगाची. आपण सोडतो ते खालच्या गावांच्या नळाला येतं.

म्हणून विचारणाऱ्यांना माझं उत्तर असं. महागडी बाटली घ्यायची तर घ्या, पण तिच्यानं नदी वाचेल असं समजू नका. पावडर पाकिटावर लिहिलीय तेवढीच टाका, जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ असं नसतं. आपल्याकडच्या झऱ्या-ओढ्यांचं पाणी मऊ आहे तिथं साधा कपड्याचा साबण पुरतो. नळाच्या तोटीवरचे डाग लिंबानं निघतात. रेशमी साडीला रिठा आजही चांगला. आणि संडासाचं ॲसिड व ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद खोलीत जीव जाऊ शकतो. ॲसिडच्या खुल्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये निर्बंध घातलेत. तरीही बिनलेबलच्या बाटलीतून ते विकलं जात असेल, तर आपण ते घेऊ नये. मुलं पाणी समजून तोंडाला लावतात.

बचत गटाच्या ताईंसाठी वेगळं सांगणं आहे. बाजारातलं तयार रसायन आणून त्यात पाणी आणि वास मिसळायचा आणि वर 'हर्बल' लिहायचं, त्यापेक्षा वाळलेली शिकेकाई निवडून, कुटून, खरी म्हणून विका. केंद्राच्या किमान आधारभूत किमतीच्या वनोपजांच्या यादीत हिरड्याप्रमाणं वाळलेली शिकेकाईही आहे. वनहक्क कायद्यानं ती गोळा करायचा हक्कही दिलाय. फक्त वेल मुळातून तोडायचा नाही, शेंगाच घ्यायच्या.

आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. मागं एका सभेत सांडपाण्याचा विषय शेवटी निघाला तेव्हा निम्मी माणसं उठून गेली होती. या वेळी तो पहिला घ्यायला लावा. गावात शोषखड्डे किती मंजूर झाले, किती प्रत्यक्षात खोदले, कुठल्या गल्लीचं गटार थेट ओढ्यात जातं, हे ग्रामसेवकांना विचारा. धुण्यासाठी नदीपासून थोडं लांब, उतारावर, दगडी चौथरा आणि चार चाव्या, खाली शोषखड्डा, याला किती खर्च येईल तेही विचारा. जे उत्तर मिळेल ते खाली गावाच्या नावासह लिहा, मी एकत्र करून छापतो.