अर्ध्या ओहमचा इतिहास

मागच्या भागात आपण विजेच्या शेगडीबद्दल बोललो होतो. त्याखाली एका तरुण श्रोत्याचा प्रश्न आला. परदेशात राहणारा त्याचा भाऊ व्हेपच्या उपकरणातली कॉइल स्वतः गुंडाळतो, आणि मीटरवर कधी ०.४ ओहम दिसतं, कधी ०.६. हे असं का, आणि खरं कोणतं मानायचं? आधी स्पष्ट सांगतो, भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची निर्मिती, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळं बंद आहे, आणि मी कुणाला ते वापरायला सांगत नाही. पण प्रश्न मला फार आवडला. कारण अर्धा ओहम नीट मोजता यावा म्हणून माणसाने जो खटाटोप केला, त्याची सुरुवात थेट हिंदुस्थानच्या तारेपाशी जाते.

पण त्याआधी आमच्या दुकानाबद्दल थोडं. इंदूरला बाबांचं वीजदुरुस्तीचं दुकान होतं. हिवाळ्यात हॉस्टेलची मुलं हीटर घेऊन यायची. स्प्रिंग तुटलेली, म्हणजे आतली नायक्रोमची गुंडाळी. ‘काका, बस जोड़ दीजिए,’ एवढंच म्हणणं असायचं. बाबा जोडून द्यायचे नाहीत. मला तो हट्ट वाटायचा. हिशेब मला अकरावीत कळला. २००० वॉटच्या हीटरचा रोध साधारण साडेसव्वीस ओहम. जळालेला भाग काढून टाकताना पाव स्प्रिंग गेली, तर उरतात वीसच्या आसपास. म्हणजे वीज कमी नाही, जास्त खेचली जाते, पावणेनऊऐवजी साडेअकरा अँपिअर, आणि तीही पाच अँपिअरच्या सॉकेटमधून. तार लहान झाली की आग मोठी होते. ही उलटी गोष्ट लोकांच्या गळी उतरत नाही, आणि व्हेपच्या कॉइलचं सगळं गणितही हेच आहे.

हे ज्याने पहिल्यांदा नीट मांडलं तो गेओर्ग ओहम हा कुलूप बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा, कोलोनच्या शाळेतला मास्तर. त्याची अडचण अशी, की त्या काळची बॅटरी मोजता मोजताच ढेपाळायची. मग पोगेनडॉर्फच्या सल्ल्यावरून त्याने बिस्मथ आणि तांब्याची जोडी घेतली. एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात, की दाब स्थिर. त्यावर वेगवेगळ्या लांबीच्या तारा लावून त्याने १८२६ मध्ये नियम काढला, आणि १८२७ मध्ये पुस्तक छापलं. जर्मनीत त्याचं फारसं कौतुक झालं नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिलं ते १८४१ मध्ये.

नियम मिळाला, पण एकक नव्हतं. प्रत्येक प्रयोगशाळेची आपापली तार होती. रशियात याकोबीने तांब्याची एक तार प्रमाण म्हणून इतरांकडे पाठवली, जर्मनीत सीमेन्सने १८६० मध्ये पाऱ्याचा एक मीटर लांब स्तंभ सुचवला. कुणाचा आकडा कुणाशी जुळत नव्हता, आणि त्याने फारसं काही बिघडतही नव्हतं. बिघडलं ते तारायंत्र समुद्रात उतरल्यावर.

१८५७ च्या उठावाची बातमी लंडनला पोचायला आठवडे लागले होते. त्यानंतर घाईघाईने सुएझपासून एडन आणि पुढे कराचीपर्यंत तांबड्या समुद्रातून केबल टाकायचं ठरलं. १८५९-६० मध्ये ती टाकली. तुकड्यातुकड्याने ती मेली, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत कधीच नीट चालली नाही. ब्रिटिश सरकारने कंपनीला दिलेली हमी मात्र बिनशर्त होती. वर्षाला ३६,००० पौंड, पन्नास वर्षं. केबल समुद्राच्या तळाशी मेलेली आणि हप्ता चालू! त्याआधी १८५८ ची अटलांटिक केबलही काही आठवड्यांत गेली होती. व्हाइटहाउसने तिच्यावर जवळजवळ दोन हजार व्होल्टचा मारा केला होता.

चौकशी समिती बसली, १८६१ मध्ये तिचा जाडजूड अहवाल आला. त्यातून एक गोष्ट उघडी पडली, की केबल बनताना, जहाजावर चढताना, पाण्यात उतरताना तिचा रोध मोजला पाहिजे, आणि तो सगळ्यांच्या समान एककात पाहिजे. नुसत्या शिस्तीसाठी नव्हे. समजा मैलाला सहा ओहम हे तुम्हाला ठाऊक आहे. किनाऱ्यावर बसून मोजलं तर सहाशे आले, मग दोष शंभर मैलांवर. जहाज नेमकं तिथे पाठवता येतं. माप चुकलं तर जहाज समुद्रात गळ टाकत हिंडत राहतं.

त्याच वर्षी ब्रिटिश असोसिएशनने विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांच्या पुढाकाराने समिती नेमली. मॅक्सवेल आणि जूल पुढे तिच्यात आले. १८६३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये मॅक्सवेल आणि त्याचे सोबती पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात तारेची एक गुंडाळी गरगर फिरवत बसले होते, त्यातून ओहम काढण्यासाठी. १८६५ मध्ये प्लॅटिनम-चांदीच्या तारेची, मेणात बुडवलेली प्रमाण वेटोळी वाटली गेली. म्हणजे ओहमचा जन्मही कॉइलमधूनच! तो साधारण सव्वा टक्क्याने चुकीचा होता, हे नंतर केंब्रिजला रेलींनी दाखवलं. पण सगळ्यांचा एकच होता, हे महत्त्वाचं.

याचा उपयोग आपल्याच दारात झाला. १८६४ ची इराणच्या आखातातली केबल बनतानाच कसून तपासली गेली. ती शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून मुंबईला आली आणि तिथून टाकायला निघाली. त्यांतलं ‘ट्वीड’ हे जहाज मुळात मुंबईच्या गोदीत बांधलेलं. ती केबल चालली.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे. थॉमसनला तांब्याच्या छोट्या तुकड्यांचा रोध मोजायचा होता, कारण एकाच भावाचं तांबं वीज वाहायला सारखं नसतं हे त्याच्या ध्यानात आलं होतं. व्हीटस्टनच्या नावाने ओळखला जाणारा, खरं तर क्रिस्टीने शोधलेला सेतू तिथे लंगडा पडला. जोडणीच्या तारांचा आणि स्क्रूंचा रोधच मोजायच्या वस्तूएवढा होता. म्हणून त्याने दुहेरी सेतू काढला. त्यात वीज एका जोडीने आत जाते आणि दाब दुसऱ्याच जोडीने पाहतात, त्यामुळे जोडण्यांची लुडबुड गळून पडते.

भावाचा साधा मल्टीमीटर दोन वायरींचा आहे. त्या वायरींचाच रोध ०.२-०.३ ओहम. पन्नास ओहमच्या हीटरवर याचा काही फरक पडत नाही. पण कॉइल खरी ०.२ ची असेल आणि मीटर ०.४ म्हणत असेल, तर? पूर्ण भरलेल्या, ४.२ व्होल्टच्या सेलमधून साडेदहा अँपिअर जातील असं त्याला वाटेल, जातील एकवीस. आकडा फिरतो तो यामुळेच. स्क्रू ढिला असला तर वाढतो, कॉइलचा पाय बाजूच्या धातूला टेकला तर कोसळतो. या उपकरणांतल्या काहींमध्ये सेल आणि कॉइल यांच्यामध्ये एका बटणाशिवाय काहीच नसतं, रोखणारं सर्किट नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्ससमध्ये व्हेपच्या स्फोटात माणसं दगावली. प्रत्येक वेळी दोष कॉइलचाच असतो असं नाही, पण पन्नास ओहमच्या सवयीने अर्धा ओहम मोजणं हा जिवाशी खेळ आहे.

कमीजास्त कसं करतात? बाबांसारखंच. वेढे वाढवले की रोध वाढतो, जाड तार घेतली की उतरतो, दोन सारख्या कॉइली शेजारी लावल्या की निम्मा. ०.४ मिलिमीटरच्या कँथलच्या तारेला मीटरमागे साडेअकरा ओहम, म्हणजे अर्ध्या ओहमला चार सेंटिमीटरपेक्षा थोडी जास्त. तारेचा इतिहासही छोटा आहे. नायक्रोमचं पेटंट आल्बर्ट मार्शला १९०६ मध्ये मिळालं, कँथल स्वीडनच्या हालस्टाहामरमधल्या फॉन कान्त्सोचं. गावाच्या आणि त्याच्या नावातून ‘कँथल’. ई-सिगारेटची कल्पना तर हर्बर्ट गिल्बर्टने १९६५ मध्येच पेटंट करून ठेवली होती, चालली ती चीनच्या होन लिकची, २००३ नंतर.

एक गंमत राहिली. काही महाग यंत्रं निकेल किंवा स्टीलच्या कॉइलचा रोध सतत मोजून तिचं तापमान ओळखतात. हीही केबलचीच देणगी. १८६० च्या सुमारास जहाजाच्या पोटात गुंडाळून ठेवलेली केबल आतून तापत होती. विल्यम सीमेन्सने तांब्याच्या तारेचा रोध मोजून आत हात न घालता ते तापमान काढलं होतं.

बाबांकडे आधी नुसता टेस्ट लॅम्प होता. मीटर आला मी कॉलेजात गेल्यावर. तोवर ते नवी स्प्रिंग काउंटरवर ठोकलेल्या दोन खिळ्यांमध्ये ताणायचे आणि जुनीशी लांबी ताडून पाहायचे. खिळे अजून आहेत. मीटरही चालतो. हा भाग रेकॉर्ड करण्याआधी त्याची दोन टोकं एकमेकांना लावून पाहिली. शून्य यायला हवं होतं, ०.३ आलं.