तीन कॅप्सूल, सव्वीस तास

नागरवाड्यातली पोरं हल्ली जिममध्ये ‘हर्बल’ फॅट बर्नरची चौकशी करतात. व्यायामगुरू माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचं हे बडोदं. त्या पोरांनी हा घटनाक्रम वाचावा. तो घडला फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलमध्ये.

१६ फेब्रुवारी २००३, सकाळ. उरले साधारण २६ तास. बाल्टिमोर ओरिओल्स या बेसबॉल संघाचा पिचर स्टीव्ह बेक्लर, वय २३. वजन वाढलेलं, रक्तदाब किंचित जास्त, दोन दिवस धड जेवण नाही. उपाशीपोटी तीन कॅप्सूल घेतो. त्यांत मा हुआंग, म्हणजे एफेड्रा. चिनी वैद्य दम्यावर पिढ्यान्‌पिढ्या देत आले ती वनस्पती. सोबतीला कॅफीन.

पुढचा तास-दोन तास. एफेड्रिन मज्जातंतूंच्या टोकांत शिरून तिथला नॉरॲड्रेनलिनचा साठा बाहेर ढकलतं. शिवाय ॲड्रेनलिनच्या ग्राहींवर (रिसेप्टर) स्वतःही काम करतं. ठोके वाढतात, भूक मरते. खरं ॲड्रेनलिन शरीर काही मिनिटांत मोडून टाकतं. एफेड्रिन मात्र आपल्या विकरांना सहजी दाद देत नाही, तासन्‌तास टिकतं. घात इथे आहे. अंगात उष्णता जास्त तयार होते आणि त्याच वेळी कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळल्याने ती बाहेर पडत नाही. थकवाही जाणवत नाही, मग माणूस थांबणार कसा?

अकरा वाजून गेल्यावर. दमट हवेत धावण्याचा सराव. बेक्लर पांढराफटक पडतो, चक्कर येते, पाय लटपटतात. रुग्णालय.

दुपार, रात्र. ताप १०८ अंश फॅरनहाइटवर पोचतो. एकेक अवयव निकामी होतो.

१७ फेब्रुवारी, सकाळी १०.१०. मृत्यू.

मार्चमध्ये वैद्यकीय तपासनीस जोशुआ पर्पर यांनी निष्कर्ष दिला: उष्माघात. वजन, उपासमार, हवा ही कारणं होतीच, पण एफेड्राचा वाटा मोठा. अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएलने एफेड्रावर २००१मध्येच बंदी घातली होती. मेजर लीग बेसबॉलने तेव्हा घातली नव्हती. हे मला फार बोचतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची (एफडीए) बंदी लागू झाली १२ एप्रिल २००४ला.

हिमालयातही एफेड्राच्याच कुळातली वनस्पती उगवते, तिला आपण सोमलता म्हणतो. पोरांनो, डब्यावर मा हुआंग, एफेड्रा किंवा सोमलता लिहिलेलं दिसलं तर व्यायामाआधी घेऊ नका. डबा आधी डॉक्टरांना दाखवा.