तुटल्या हाताची मजुरी



चैत्र लागला की आपल्या पाचोऱ्यात जिनांचा हंगाम सरत येतो आणि व्याख्यानांचा सुरू होतो. माझे आयुष्य पहिल्या हंगामात गेले. दुसऱ्यात मी आज प्रथमच उभा आहे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कामगार कायद्यांच्या पुस्तकांनी केले, आणि ते कायदे ज्यांच्यासाठी लिहिले त्या माणसांनी केले. म्हणून माझ्याकडून पांडित्याची अपेक्षा धरू नये. अपंगांना आणि त्यांच्या घरच्यांना सरकारदरबारी जे मिळते, ते कोठून आले, एवढेच मी सांगणार आहे.

ही मदत म्हणजे सरकारची दया, अशी पुष्कळांची समजूत असते. इतिहास तसे सांगत नाही. आपल्याकडे तिची मागणी झाली ती मजुरीच्या हिशेबात, आणि ती केली मुंबईच्या गिरणी कामगारांनी. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला कामगारांच्या सभा भरविल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यात रविवारची सुटी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती, पगार वेळेवर देण्याची मागणी होती. शेवटचे कलम आमच्या विषयाचे. कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा, आणि जो जन्माचा अपंग झाला त्याच्या निर्वाहाची योग्य तरतूद करावी. शब्द नीट पाहा. भीक मागितलेली नाही. हात यंत्राने घेतला, तेव्हा त्या हाताची मजुरी द्या, असे म्हटले आहे. जर्मनीत अपघात-विम्याचा कायदा झाला तो याच १८८४ सालचा. म्हणजे आमची माणसे जगाच्या मागे नव्हती. मागे होते ते सरकार.

त्या काळी खानदेशात काय चालले होते? अमेरिकेतील यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वे आली, तिच्या मागोमाग वाफेवरचे जिन आणि प्रेस आले. १८८५ च्या मुंबई फॅक्टरी कमिशनपुढे खानदेशच्या जिनांची हकीकत निघाली. ऐन हंगामात तीच माणसे, बायका आणि पुरुष, आठ आठ दिवस रात्रंदिवस राबतात, असे खुद्द कारखान्याच्या बाजूच्या साक्षीदाराने सांगितले. झोपेने पेंगणारी बाई फिरत्या रुळापाशी कापूस लावीत असेल, तर बोट जायला कितीसा वेळ लागणार?

पण १८८१ चा फॅक्टरी कायदा या बाईसाठी नव्हता. वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणारा कारखाना त्याने वगळला होता. हे हंगामी कारखाने कायद्याखाली आले ते १९११ साली. ‘हंगामी’ हा शब्द येथे लक्षात ठेवावा. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

लोखंडे १८९७ साली वारले. त्यांच्या त्या कलमाला कायद्याचे रूप यायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली मंजूर झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. त्यापूर्वी १८५५ चा एक कायदा होता. माणूस मेला तर घरच्यांनी दावा लावावा, पण दुसऱ्याचा दोष कोर्टात शाबीत करावा, असा त्याचा मार्ग. नव्या कायद्याने ती अट काढली. कामामुळे आणि कामावर असताना अपघात झाला, एवढे पुरे.

या कायद्याला एक परिशिष्ट होते. त्यात माणसाच्या अवयवांचे दर लिहिले होते. उजवा हात कोपरापासून गेला तर कमाईची शक्ती शेकडा ७० ने घटली असे धरावे. डावा असेल तर ६०. एक डोळा ३०, अंगठा २५, तर्जनी १०, दुसरे कोणतेही बोट ५. पूर्ण अपंगत्वाला बेचाळीस महिन्यांचा पगार, पण साडेतीन हजारांच्या वर नाही. महिना पंधरा रुपये मिळविणाऱ्या बाईचा हिशेब करा. बेचाळीस महिन्यांचे ६३० रुपये, म्हणून अंगठ्याचे १५७ रुपये ८ आणे आणि तर्जनीचे ६३ रुपये. पहिल्यांदा वाचले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. पुढे समजले की हा बाजारभाव कितीही क्रूर असला, तरी त्यामागे एक मान्यता आहे : या बोटाने कमाई होत होती.

एकरकमी पैसा मात्र लग्नात, कर्जात, आजारात जातो. म्हणून १९४८ साली राज्य विम्याचा कायदा झाला आणि १९५२ पासून योजना सुरू झाली. कायमच्या अपंगास आयुष्यभर दरमहा रक्कम, मेला तर कुटुंबास. खरी उपयोगी गोष्ट. पण हंगामी कारखाना तिच्यातून वगळला, आणि हंगामी कारखान्यांच्या यादीत कापसाचा जिन आणि प्रेस नावानिशी घातले. आता हे जुने कायदे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाले आहेत. विम्यातून हंगामी कारखाना तेथेही वगळलेलाच आहे. जिनवाल्या बाईला राहिली ती नुकसानभरपाईच.

ती तरी मिळते काय? तीस वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आली. उजव्या हाताची दोन बोटे आणि अंगठ्याचे पेर गेलेले. दवाखान्याचा खर्च आणि वर हजार रुपये देऊन तिला घरी पाठविले होते. केसपेपरवर ‘घरी अपघात’ असे लिहिलेले. दाव्याची दोन वर्षांची मुदत उलटली होती. विलंब माफ करून घेता आला असता, पण हजेरीबुकात तिचे नावच नव्हते. मुकादमाच्या नावापुढे पंचवीस डोकी मांडली होती. ठेकेदाराच्या मजुराची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे १९२३ पासून कायद्यात आहे. पण त्या पंचवीस डोक्यांत हे डोके होते, हे सांगायला कोणी पुढे येईना. बाई एवढेच विचारीत होती, “भाऊ, मनं नाव कागदवर शे का?”

मग आम्ही दुसऱ्या दारी गेलो. महाराष्ट्रात १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. १९९५ साली अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला, २०१६ साली त्याहून व्यापक कायदा आला. त्यात एकवीस प्रकारचे अपंगत्व मानले आहे आणि सरकारी नोकरीत शेकडा ४ जागा राखल्या आहेत. या सर्वांचे मोल मी कमी लेखीत नाही. पण बहुतेक लाभांना निदान चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. आमच्या बाईचा हात त्या चाळिशीला पोचला नाही. १९२३ चा कायदा एका बोटाचेही पाच टक्के मोजत होता. येथे तिची दोन बोटे आणि पेर मिळून काहीच झाले नाही. पुढे तिचा नवरा वारला आणि तिला अनुदान सुरू झाले, ते विधवा म्हणून. हात गेल्याबद्दल तिला कोणी काही दिले नाही.

दोन वाटांतला फरक हा आहे. भरपाई विचारते, तू काय कमावीत होतीस? अनुदान विचारते, तू किती निराधार आहेस? पहिल्या प्रश्नात माणसाची किंमत आहे, दुसऱ्यात त्याची लाचारी. दुसरी वाट असलीच पाहिजे. जन्मतः अंध, बहिरा, पांगळा असलेल्यास आणि त्याला सांभाळणाऱ्या आईबापास तिच्याशिवाय आधार नाही. पण ज्याचा हात कामाने नेला, त्याला त्या रांगेत ढकलणे म्हणजे मालकाचे देणे गावाच्या दानपेटीतून फेडणे होय.

या सभागृहात व्यापारी आहेत, वकील आहेत, डॉक्टर आहेत. काहींचे नातलग जिनांत भागीदारही असतील. त्यांना माझे मागणे फार मोठे नाही. दिवाळीनंतर पुन्हा जिनांचे भोंगे होतील. तेव्हा प्रत्येक मजुराचे नाव, बाईचे सुद्धा, तिच्या स्वतःच्या नावाने हजेरीबुकात चढावे. डॉक्टरांनी अपघात जेथे झाला तेथला लिहावा. लोखंड्यांच्या साडेपाच हजार माणसांनी सह्या करून आपली नावे कागदावर आणली, तेथून हा सारा इतिहास सुरू झाला. आपल्या गावात तो अजून त्याच ओळीवर अडला आहे.