तरवडाचं गिऱ्हाईक गेलं, झाड तेच आहे



कंधार-मुखेडचा माळ असो की औसा-निलंग्याकडचा बांध, पिवळ्या फुलांचा तरवड सगळ्यांनी बघितलाय. "ढोरं तोंड लावत नाहीत, काय कामाचा?" असं म्हणून आता तो जेसीबीनं मुळासकट काढतात. म्हणून त्याचा थोडा इतिहास लिहितो.

तरवडाच्या सालीत टॅनिन असतं, शंभराला साधारण १८ भाग. ते कातड्यात मुरलं की कातडं कुजत नाही, पाण्यात टिकतं. इंजिन अन् वीजपंप यायच्या आधी विहिरीचं पाणी मोटेनं निघायचं, आणि मोट चामड्याची. ते चामडं बाभळीच्या, तरवडाच्या सालीत कमवायचं काम ढोर समाज करायचा. म्हणजे पणज्याच्या बागायतीत बैलांचा वाटा होता, तसा त्या कारागिरांचा अन् या माळावरच्या झुडपाचाही होता.

मद्रासकडं तर यावर मोठा धंदा उभा होता. पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) तिथलं कमावलेलं कातडं इंग्रज फौजेच्या बुटांसाठी विलायतेला गेलं. पुढं दक्षिण आफ्रिकेची वॉटलची साल आली, क्रोमची रासायनिक पद्धत आली. तरवडाची साल मागं पडली. इकडं पंप आले, मोट गेली.

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेलंगण आंध्रात गेलं. तरवड मात्र दोन्हीकडं राहिला. देगलूर-बिलोलीच्या पलीकडं त्याला तंगेडू म्हणतात. बतुकम्माच्या सणात बाया त्याचीच फुलं रचतात, आणि तेलंगणानं ते राज्याचं फूल केलंय. त्याच दिवसांत आपल्याकडं घटाला तरवडाच्या फुलांची माळ घालतात. नवरात्र सरलं की मात्र त्याच तरवडावर कुऱ्हाड.

ढोरं खात नाहीत हाच त्याचा मोठा गुण आहे. चराईच्या उघड्या माळावर तो त्याच्यामुळंच टिकतो, मुळानं मुरमाड माती धरून ठेवतो, वर पाणी मागत नाही. पाला मातीत गाडला तर खत होतं.

रानातला काढायचा तर काढा. पण उताराच्या बांधावरचा अन् नाल्याकाठचा राहू द्या. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, तुमच्या गावात ही साल कोण सोलायचं, मोट कुठं व्हायची. ते सांगणारे आता थोडेच उरलेत.