जुना प्लेस्टेशन देऊन नवा घेताय? सेव्ह केलेला गेम आधी सोबत घ्या

इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्यात कुणाला जुना प्लेस्टेशन ४ देऊन प्लेस्टेशन ५ घ्यायचा असेल, तर त्यासाठी बारामती किंवा पुणे गाठावे लागते. जुने यंत्र पिशवीत घालून न्यायचे, दुकानदार ते टीव्हीला लावून पाहणार, वरचे पैसे मोजायचे आणि नवा खोका घेऊन घरी यायचे. घरी लॉगिन केले की विकत घेतलेले सगळे गेम यादीत दिसतात. धाकट्या भावाचे तीन वर्षे खेळलेले फिफाचे करिअर मात्र कुठेच दिसत नाही. ते जुन्या यंत्रात राहिलेले असते आणि दुकानदाराने एव्हाना ते यंत्र फॉरमॅट करून पुढच्या गिऱ्हाइकासाठी ठेवलेले असते. अशा वेळी कंपनीला फोन करूनही उपयोग होत नाही.

कन्सोलमध्ये नेमके काय काय असते?

गोंधळ होतो तो इथेच. ‘माझा गेम’ म्हणताना आपण तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतो. पहिली म्हणजे गेम खेळण्याचा हक्क. डिजिटल गेम घेतला असेल तर तो हक्क तुमच्या खात्यावर असतो, डिस्क घेतली असेल तर डिस्कवर. दुसरी गोष्ट गेमची फाइल. ती ५० ते १०० जीबीची असली तरी पुन्हा डाउनलोड करता येते. तिसरी म्हणजे सेव्ह, म्हणजे तुम्ही कुठपर्यंत पोहोचलात याची नोंद. ती बहुतेक वेळा काही एमबीचीच असते आणि पुन्हा मिळत नाही ती एवढीच.

प्लेस्टेशन २ च्या काळात हा प्रश्न सोपा होता. ८ एमबीचे मेमरी कार्ड काढून खिशात घालायचे आणि मित्राच्या घरी लावायचे. पुढे कन्सोलमध्ये हार्ड डिस्क आली, सेव्ह आतल्या साठ्यात गेला आणि खात्याशी बांधला गेला.

फाइल पुन्हा डाउनलोड होते, या नियमालाही अपवाद आहेत. २०१४ मध्ये पीएस४ वर ‘पी. टी.’ नावाचा भयपटासारखा छोटा गेम मोफत आला होता. २०१५ मध्ये तो दुकानातून काढून टाकला गेला. ज्यांच्या यंत्रात तो होता त्यांनी यंत्र फॉरमॅट केले, की तो कायमचा गेला. त्यामुळे यंत्र देण्याआधी आपल्या यादीतला एखादा गेम दुकानातून गायब झालेला नाही ना, हे एकदा बघून घ्यावे.

हार्ड डिस्कच काढून ठेवली तर?

हा सल्ला हमखास मिळतो आणि तो चुकीचा आहे. पीएस३ आणि पीएस४ च्या आतल्या डिस्कवरचा डेटा त्या त्या यंत्राच्या किल्लीने कुलूपबंद केलेला असतो. ती डिस्क दुसऱ्या पीएस४ मध्ये बसवली तर ते यंत्र ती फॉरमॅट करायला सांगते. संगणकाला जोडली तरी काही वाचता येत नाही. म्हणूनच मदरबोर्ड जळाल्यावर डिस्क धडधाकट असूनही सेव्ह हाती लागत नाहीत. यंत्र चालू आहे तोवरच काय ते करून घ्यायचे.

दुसरा गैरसमज बाहेरून जोडलेल्या डिस्कचा. पीएस४ ला यूएसबीने वाढीव साठा म्हणून जोडलेल्या डिस्कवर गेम जातात, सेव्ह जात नाहीत. सेव्ह कायम यंत्राच्या आतल्या साठ्यातच राहतात. ‘सगळे एक्स्टर्नलवर आहे’ अशा समजुतीने यंत्र देऊन टाकणारे इथेच फसतात.

पीएस४ वरून पीएस५ वर जाताना

सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे दोन्ही यंत्रे एकाच वेळी घरात असणे. म्हणजे शक्य असेल तर एक्स्चेंज त्याच दिवशी न करता आधी नवा घ्यावा आणि जुना आठवड्याने द्यावा. दुकानदार थोडी कुरकुर करेल, पण चार दिवसांची मुदत बहुधा मिळते.

जुन्या पीएस४ वर आधी ट्रॉफी सिंक करून घ्याव्यात. मग दोन्ही यंत्रांवर त्याच खात्याने लॉगिन करून दोन्ही एकाच वायफायला जोडायची. पीएस५ च्या सेटिंग्जमध्ये सिस्टम, सिस्टम सॉफ्टवेअर आणि त्यात डेटा ट्रान्सफर हा पर्याय आहे. कोणते गेम आणि कोणते सेव्ह हवेत ते निवडले की काम सुरू होते. पीएस४ वरचा डेटा यात पुसला जात नाही, त्याची प्रत तयार होते. दोन यंत्रांमध्ये लॅन केबल लावली तर वेग वाढतो.

गावाकडच्या माणसाला यातला खरा फायदा वेगळाच आहे. गेम एका यंत्रातून दुसऱ्यात घरातल्या घरात जातात, त्यासाठी इंटरनेटचा डेटा खर्च होत नाही. नेट लागते ते लॉगिनपुरते. रोज २ जीबी मिळणाऱ्या मोबाइल पॅकवर १०० जीबीचा एक गेम उतरवायचा म्हटले तर ५० दिवस लागतील. यूएसबी डिस्कवर पीएस४ चे गेम ठेवलेले असतील तर काम आणखी सोपे होते. ती डिस्क थेट पीएस५ ला लावता येते.

मध्येच वीज गेली तर मात्र पंचाईत. लिहिणे चालू असताना कन्सोल बंद पडला, तर साठ्यातला डेटा खराब होऊ शकतो. तेव्हा आपल्या भागात लाइट कधी जाते ते बघून वेळ ठरवावी आणि टीव्ही नसला तरी दोन्ही कन्सोल आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्यावेत.

इतके करूनही एक गोष्ट राहते. पीएस४ चा सेव्ह पीएस५ वर आला, म्हणजे तो गेमच्या पीएस५ आवृत्तीत चालेलच असे नाही. ते गेम बनवणाऱ्यावर अवलंबून असते. फिफा २१ मध्ये अल्टिमेट टीम नव्या यंत्रावर आली, कारण ती कंपनीच्या सर्व्हरवर असते. करिअर मोड मात्र आला नाही. जीटीए ५ मध्ये जुन्या पीएस४ वर गेम उघडून त्यातूनच सेव्ह अपलोड करावा लागतो आणि नंतर पीएस५ वर उतरवावा लागतो. म्हणजे जुने यंत्र हातात नसेल तर तोही रस्ता बंद. सेव्ह पुढे जातच नसेल, तर पीएस५ वर त्या गेमची पीएस४ आवृत्तीच टाकून खेळावी. जुना सेव्ह तिच्यात चालतो. डिस्कवाल्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की पीएस४ च्या डिस्क फक्त ड्राइव्ह असलेल्या पीएस५ वर चालतात, डिजिटल आवृत्तीवर नाही.

जुना आज द्यायचा आणि नवा पुढच्या महिन्यात घ्यायचा असेल तर?

अशा वेळी पेनड्राइव्ह कामाला येतो. तो एफएटी३२ किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला हवा. एनटीएफएस असेल तर पीएस४ तो घेत नाही. सेटिंग्जमध्ये ॲप्लिकेशन सेव्हड डेटा मॅनेजमेंट या ठिकाणी जाऊन सेव्ह यूएसबीवर कॉपी करता येतात. त्यासाठी प्लेस्टेशन प्लसची वर्गणी लागत नाही. हे सेव्ह पुढे त्याच खात्यावर उघडतात. भावाच्या खात्याचा सेव्ह तुमच्या खात्यावर चालणार नाही. म्हणून घरात जितके जण खेळतात तितक्यांनी आपापल्या युजरमध्ये जाऊन वेगळी कॉपी करावी. थोरल्याने आपले सेव्ह घेतले आणि धाकट्याचे राहिले, अशी गत होऊ नये.

पीएस५ विकणाऱ्यांसाठी नियम वेगळा आहे. पीएस५ च्या गेमचे सुटे सेव्ह यूएसबीवर कॉपी होत नाहीत, पीएस४ गेमचे होतात. तेव्हा एकतर दोन पीएस५ मध्ये थेट डेटा ट्रान्सफर करायचा, किंवा महिनाभर प्लेस्टेशन प्लस घेऊन सेव्ह क्लाउडवर चढवायचे. सेव्ह लहान असल्याने त्याला मोबाइलचा डेटाही पुरतो.

एक्सबॉक्स वन आणि सीरिज एक्स किंवा एस वाल्यांची यातून बरीच सुटका आहे. यंत्र नेटला जोडलेले असेल तर सेव्ह आपोआप क्लाउडवर जातात, तेही फुकट. फक्त शेवटचे खेळून झाल्यावर एकदा नेट लावून सिंक पूर्ण होऊ द्यावे. निन्टेन्डो स्विचमध्ये सेव्ह मायक्रोएसडी कार्डवर नसतो, यंत्राच्या आत असतो. कार्ड काढून ठेवले म्हणजे सेव्ह वाचला, असे नाही.

‘जेलब्रेक’ केलेला कन्सोल असेल तर?

वीस-तीस गेम भरून मिळणारे स्वस्त पीएस४ अनेकांनी घेतलेले असतात. अशा यंत्रात खाते बहुधा नसते, नुसता स्थानिक युजर असतो. ते यंत्र कंपनीच्या नेटवर्कवर नेले तर बंदीचा धोका असतो. त्यामुळे वर सांगितलेले अधिकृत मार्ग इथे चालत नाहीत आणि नव्या पीएस५ वर नव्याने सुरुवात करायची तयारी ठेवावी लागते. दुकानदार ही गोष्ट विकताना सांगत नाही.

देताना आणि घेताना

देण्याआधी सेव्ह खरोखर कॉपी झाले का, ते पेनड्राइव्ह पुन्हा लावून आणि यादी उघडून बघावे. मग ते यंत्र ‘प्रायमरी’ म्हणून रद्द करावे. हे राहून गेले तर वेबसाइटवरून सगळी यंत्रे एकदम रद्द करता येतात, पण सहा महिन्यांतून एकदाच. त्यानंतर इनिशियलाइझ करावे. घाईत नुसते लॉगआउट करून दिलेल्या यंत्रात तुमचा युजर तसाच राहतो. पासवर्ड साठवलेला असेल आणि खात्याला कार्ड जोडलेले असेल, तर नव्या मालकाला तुमच्या पैशाने गेम घेता येतात.

जुना कन्सोल घेणाऱ्याने तो नुसता चालू होतो हे बघून समाधान मानू नये. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून आपल्या खात्याने लॉगिन करून बघावे. यंत्रावरच बंदी असेल तर ते तिथेच कळते. घरून एखादी डिस्क न्यावी आणि दहा मिनिटे खेळून पाहावी. पीएस५ स्लिम असेल आणि तिचा सुटा डिस्क ड्राइव्ह नंतर बसवायचा असेल, तर तो जोडताना एकदा इंटरनेट लागते. ‘गेमसकट खाते’ देऊ करणाऱ्याला नाही म्हणावे. पासवर्ड त्याला माहीत असतो आणि ईमेलही त्याचाच असतो. महिन्याभराने त्याने पासवर्ड बदलला की गेम गेलेच, शिवाय तोवर त्या खात्यावर झालेले तुमचे सेव्हही अडकून पडतात.