तळटीप : मांजरीच्या घरातला ‘स्पेक्ट्रम’

१. ‘स्पेक्ट्रम’ : ब्रिटनच्या सिंक्लेअर रिसर्चचा ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ एप्रिल १९८२मध्ये बाजारात आला, १६ केबी मेमरीचा १२५ पौंडांना, ४८ केबीचा १७५ला. रबरी कळांऐवजी प्लॅस्टिकच्या कळा असलेला ‘स्पेक्ट्रम प्लस’ १९८४चा. त्याचीच परवान्याने काढलेली भारतीय आवृत्ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने पुढे ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने आणली. लेखकाच्या मांजरी येथील घरी होता तो हाच.

प्रोसेसर झेड८०ए, वेग ३.५ मेगाहर्ट्झ, ४८ केबी रॅम, १६ केबी रॉममध्ये कायमची बसवलेली बेसिक भाषा. बरीचशी जोडकामे एकाच चिपवर उरकलेली, शिवाय पडदा म्हणून घरचा टीव्ही आणि साठवणीला साधा कॅसेट रेकॉर्डर. म्हणून किंमत आवाक्यात. चित्र २५६ × १९२ ठिपक्यांचे, पण ८ × ८ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकटीत रंग दोनच. त्यामुळे खेळातला माणूस झाडाजवळून गेला की झाडाचा रंग त्याला लागे. आज्ञा अक्षरे जुळवून लिहायच्या नसत. ओळीच्या सुरुवातीला ‘पी’ दाबले की अख्खा ‘प्रिंट’ शब्द उमटे.

कॅसेटवरून ४८ केबीचा खेळ चढायला चार-पाच मिनिटे लागत. तेवढा वेळ कर्कश किरकिर चाले आणि पडद्याच्या कडेने निळे-पिवळे पट्टे धावत. कृष्णधवल संचावर तेच करडे दिसत. सबब ‘टेप लावून चहा टाकला’ हे लेखकाचे वाक्य शब्दशः घ्यावे. — संपा.